अशोक : नग सात

एक सोसायटीच्या गेटवर सरळसोट उभा. दुसरा जंगलातून गुपचूप कमी होत चाललेला. कागदावर मात्र दोघांचं नाव एकच!

एक काम करा. आत्ता जिथे बसून हे वाचताय, तिथल्या खिडकीतून खाली बघा. ऑफिस लोअर परळला असो, बीकेसीत असो नाहीतर अंधेरीच्या एखाद्या बिझनेस पार्कमध्ये, कंपाउंड वॉलला चिकटून एक उंच, सडपातळ, हिरवंगार झाड दिसण्याची शक्यता दाट आहे. फांद्या खाली झुकलेल्या, पानं लांब, कडेने लाटा आलेल्या. लांबून बघितलं तर मिटलेली छत्री उभी करून ठेवल्यासारखं. शेजारच्या क्युबिकलमध्ये विचारा, "हे कसलं झाड गं?" उत्तर येणार, "अशोका!" वॉचमन तेच सांगेल, नर्सरीवाला तेच सांगेल आणि बिल्डरच्या गुळगुळीत ब्रोशरमध्येही तेच छापलेलं असेल.

आमच्या घरात हे उत्तर कधी चाललं नाही. आजीसमोर कुणी त्या झाडाला अशोक म्हटलं की ती निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवायची आणि बजावायची, "तो नुसता नावाचा. सीतेचा अशोक आमच्या टाकीमागे आहे." टाकी म्हणजे आमच्या चाळीची पाण्याची टाकी, आणि चाळ म्हणजे घोडपदेवची.

आता घोडपदेव कुठे आलं? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी पडतो, म्हणजे लोक मला विचारतात. भायखळा आणि रे रोड या दोन स्टेशनांच्या मधोमध. एका अंगाला राणीबाग, दुसऱ्या अंगाला गोदीचा पट्टा आणि जिथे पिढ्यान् पिढ्या जहाजं तोडली गेली तो दारूखाना. पण टॅक्सीवाल्याला घोडपदेव सांगितलं तर तो फेरबंदर म्हणतो, एचआरवाले फॉर्मवर भायखळा टाकतात आणि आमच्या रिडेव्हलपमेंटच्या ब्रोशरमध्ये तर आमचा पत्ता चक्क 'माझगाव' झालाय! चालणारं, वजनदार नाव आलं की छोटं नाव गप्प बसतं. झाडांचंही असंच होतं. फरक एवढाच की आम्ही निदान तक्रार तरी करू शकतो.

अशोक एक, अशोक दोन

आधी दोघांची नीट ओळख करून घेऊ. बायोडेटाच म्हणा ना.

अशोक नंबर एक, म्हणजे कंपाउंडवाला. शास्त्रीय नाव मोनून लाँगिफोलियम. २०१२ पर्यंत तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होता आणि नर्सरीच्या पाट्यांवर अजूनही त्याच नावाने भेटतो. मूळ घर दक्षिण भारत आणि श्रीलंका. गुजराती मंडळी त्याला आसोपालव म्हणतात, दाराच्या तोरणात त्याची पानं ओवतात. मराठीत त्याचं एक नाव आहे, खोटा अशोक. बिचाऱ्याने काही खोटं केलेलं नाही, पण नाव पडलं ते पडलं. इंग्रजीत तो 'मास्ट ट्री', म्हणजे डोलकाठीचं झाड, कारण त्याची सरळ खोडं शिडाच्या जहाजांना डोलकाठ्या म्हणून कामी यायची. दारूखान्याच्या शेजारी वाढलेल्या मला हे नाव भारी आवडतं.

गंमत म्हणजे त्याच्या मूळ रूपात तो इतका सडपातळ नाही. चांगल्या पसरट फांद्यांचं, सावली देणारं झाड आहे ते. आपल्याला दिसतो तो खाली झुकलेल्या फांद्यांचा प्रकार, मुद्दाम निवडून वाढवलेला. जागा कमी खातो, पार्किंग अडवत नाही, भिंतीसारखा ओळीत उभा राहतो. मुंबईच्या सोसायटीला आणखी काय हवं?

त्याला फुलं येतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? मार्च-एप्रिलच्या सुमारास थोडे दिवस, सहा नागमोडी पाकळ्यांच्या फिकट हिरव्या चांदण्या. पण पानांचा आणि फुलांचा रंग जवळजवळ एकच, त्यामुळे खालून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मग पावसाळ्यात जांभळट काळी फळं. त्यांच्यावर कोकीळ आणि वटवाघळं तुटून पडतात.

अशोक नंबर दोन, सीता-अशोक. शास्त्रीय नाव सराका असोका. उंचीने बेताचा, गोल डोक्याचा, दाट सावलीचा. त्याचं पान एकटं नसतं, एका दांड्यावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी येते ती तांबूस, लुळी, गोंड्यासारखी खाली लोंबणारी. आणि फुलं? साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, फांद्यांवर आणि कधी कधी थेट खोडावरही गच्च झुबके. आधी पिवळसर केशरी, मग दिवसागणिक लाल होत जाणारे. एकाच झुबक्यात तीन रंग! जवळ जाऊन बघाल तर कळेल की या फुलाला पाकळ्याच नाहीत. रंगीत दिसतो तो त्याचा निदलपुंज, म्हणजे इतर फुलांत पाकळ्यांच्या खाली जो हिरवा भाग असतो तो, आणि त्यातून मांजराच्या मिशांसारखे बाहेर आलेले लांब पुंकेसर. मंद सुगंध वेगळाच.

आता नातं बघा. कंपाउंडवाला अशोक सीताफळाच्या कुळातला आणि सीता-अशोक शेंगांच्या कुळातला, चिंच, आपटा, गुलमोहर यांचा भाऊबंद. म्हणजे सीताफळाचा नातेवाईक सीतेचा नाही आणि सीतेचा निघाला चिंचेच्या गोतातला! दोघांमध्ये वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लांबचंही म्हणावं असं नातं नाही. समान आहे ती फक्त तीन अक्षरं.

या तीन अक्षरांचा मूळ मालक अर्थातच नंबर दोन. रामायणातली अशोकवाटिका त्याची. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात सुंदर तरुणीचा पाय लागल्यावर अशोक फुलतो, या संकेतावर कथानकाचा मोठा भाग उभा आहे, तो अशोकही हाच. १७९५ साली विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतितज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा 'जोन्सिया असोका' असं ठेवलं. जोन्स म्हणजे 'शाकुंतल' इंग्रजीत नेणारे कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स. पुढे जोन्ससाहेब नावातून गेले, असोका राहिला.

लाल यादीत कोण?

आता मुद्द्याचं. दोघांपैकी धोक्यात कोण?

आययूसीएन ही १९४८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था. १९६४ पासून ती सजीवांच्या प्रजातींची 'रेड लिस्ट' ठेवते. कोण बरं आहे, कोण आयसीयूत आहे, कोण गेलं, असं एखाद्या हॉस्पिटलच्या वॉर्डचं रजिस्टर असावं तशी ही यादी. 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे काळजी नसावी. त्यापुढे पायऱ्या चढत जातात: निअर थ्रेटन्ड, व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड, क्रिटिकली एन्डेंजर्ड, आणि मग नामशेष.

सीता-अशोकाची या यादीत १९९८ साली नोंद झाली ती 'व्हल्नरेबल' म्हणून. म्हणजे हीच परिस्थिती राहिली तर हे झाड निसर्गातून नाहीसं होण्याचा धोका मोठा आहे. नंबर एकची अशी काही काळजी नाही. नर्सरीत त्याची रोपं रांगेने उभी असतात, गेट बांधलं की चार घेऊन या.

तुम्ही म्हणाल, थांबा! सीता-अशोक तर आम्ही बघितलाय. देवळाच्या आवारात, एखाद्या जुन्या बागेत, एखाद्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटसमोर. मग धोक्यात कसा?

बरोबर. घोडपदेवहून राणीबागेत मी चालत जाते. बुधवार सोडून कधीही जा. २०१७ पासून मोठ्यांना ५० रुपये तिकीट आहे, पेंग्विन त्यातच. पेंग्विनच्या रांगेकडे पाठ करून उलट्या दिशेने गेलं की मूळची बाग सुरू होते, १८६२ सालची. तिथे ३ हजारांहून जास्त झाडं आहेत, २५० हून अधिक प्रजातींची, आणि त्यात सीता-अशोकही आहे. २००७ मध्ये बागेचा कायापालट करण्याचा एक मोठा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा काही नागरिकांनी, त्यातही मुख्यतः बायकांनी, या झाडांसाठी वर्षानुवर्षं किल्ला लढवला. त्यांचा भर कशावर होता? इथे कोणकोणती झाडं आहेत, हे नावानिशी सांगण्यावर. 'बागेत भरपूर झाडं आहेत' या वाक्याने काहीच वाचत नाही.

पण लाल यादी बघते ती जंगल, बाग नव्हे. चीनमधला गिंको जगभरच्या शहरांत रस्त्याच्या कडेला लावलेला आहे, तरी यादीत तो 'एन्डेंजर्ड' आहे, कारण त्याच्या मूळ घरी तो जवळजवळ उरलेला नाही. बागेत लावलेली झाडं बऱ्याचदा थोड्याच आईबापांची लेकरं असतात. कीड, रोग, बदलता पाऊस यांना तोंड द्यायला लागतं ते वैविध्य डोंगरात पिढ्यान् पिढ्या आपलं आपण उगवलेल्या झाडांत असतं. सीता-अशोकाचं हे घर म्हणजे पश्चिम घाटातली आणि कोकणातली ओढ्याकाठची सावलीची, ओलाव्याची जागा. अशी जागा तुटली की त्याचं घर गेलं. शिवाय त्याचं बी नाजूक. झाडावरून पडल्यावर लवकर रुजलं तर रुजलं, नाहीतर वाळून मेलं. डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरू, हे त्याला जमत नाही.

आणि तिसरं कारण त्याच्या अंगावरच आहे. साल.

बाटलीतला अशोक

आयुर्वेदात सीता-अशोकाची साल बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर वापरली जाते. अशोकारिष्ट हे नाव तुमच्याही घरात कधी ना कधी ऐकलं असेल. माझ्या आत्याच्या कपाटात खालच्या खणात ती तपकिरी बाटली कित्येक वर्षं होती. जेवण झालं की दोन झाकणं आणि तेवढंच पाणी, तोंड वाकडं करून गट्ट!

देशभरातून या सालीला मागणी प्रचंड. लागवड त्या मानाने थोडी, कारण साल काढण्याजोगं झाड व्हायला बरीच वर्षं लागतात. मग जंगलातलं झाड सोपं पडतं. साल बेताने, एका बाजूने पट्टा काढून, बाकीची तशीच ठेवून घेतली तर झाड जखम भरून काढतं. पण गोल फिरवून काढली की संपलं. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या थरातून. तो रस्ता चारी बाजूंनी तोडला की मुळं उपाशी मरतात आणि मागोमाग झाडही. वरून पानं काही दिवस हिरवी दिसतात, एवढंच.

खरा माल कमी आणि मागणी जास्त असली की बाजारात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सालीच्या बाजारात 'अशोक' म्हणून दुसऱ्याच झाडांची साल मिसळली जाते आणि त्यातलं एक नेहमीचं झाड म्हणजे आपला नंबर एक! डीएनए बारकोडिंग करून तपासलं तेव्हा अशोकाच्या नावाने विकले जाणारे बरेच नमुने भलत्याच झाडांचे निघाले. दोन्ही झाडांतली द्रव्यं वेगळी, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याने होईल, हे गृहीत धरता येत नाही. औषध घ्यायचं की नाही हा तुमचा आणि तुमच्या वैद्यांचा प्रश्न. मला वाटतं ते वेगळंच. आत्याने कित्येक वर्षं तोंड वाकडं केलं ते कुठल्या अशोकासाठी, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

इथे मला नावाचा खेळ समजला. सीता-अशोक जंगलातून कमी झाला तरी शहरात 'अशोक' वाढतच राहिला. बाजारात 'अशोक' मिळतच राहिला. शब्द जागच्या जागी असला की वस्तू गेल्याची कुणाला चाहूल लागत नाही. वाघ कमी झाले तर ओरड होते, कारण वाघाच्या जागी दुसरं कुणी वाघ म्हणून उभं राहत नाही.

यादी आली

आता आमच्या चाळीकडे या.

गेल्या वर्षी आमचं रिडेव्हलपमेंट हलायला लागलं. त्यासाठी झाडांचा सर्व्हे झाला आणि यादी नोटीस बोर्डावर लागली. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे. झाड तोडायचं किंवा हलवायचं तर परवानगी लागते, आणि परवानगीसाठी आधी यादी लागते. आमची यादी अशी : आंबा २, नारळ ४, बदाम १, जांभूळ १, पिंपळ १. आणि शेवटी, अशोक : नग सात.

सात! त्यातले सहा दर्शनी भिंतीजवळचे सरळसोट. सातवा टाकीमागचा, आजीचा.

आजी राजापूरकडची. आजोबा गिरणीत. आता शेजारी न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे टॉवर उभे आहेत, पण तेव्हा भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस होते. मे महिन्यात पोरांना घेऊन गावी जायचं आणि जूनमध्ये शाळेच्या आधी एसटीने परतायचं, हा तिचा दरवर्षीचा क्रम. एका वर्षी परतताना तिने गावच्या ओढ्याकाठच्या अशोकाच्या शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. घरी आल्या आल्या दुसऱ्या दिवशी टाकीमागे, जिथे सांडपाण्याने माती कायम ओली असायची, तिथे बिया टोचल्या. एक जगली. कुठल्या वर्षी? आत्या सांगते, "रेल्वेचा मोठा संप झाला ना, त्या वर्षी." म्हणजे १९७४.

साल महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज ट्री' मानलं जाऊ लागलं. आणखी एक तरतूद आली. जितक्या वयाचं झाड तोडाल, तितकी नवी झाडं लावायची. वाचायला छान वाटतं. पण समजा यादीत नुसतं 'अशोक' असं लिहिलंय आणि बदल्यात गेटपासून लिफ्टपर्यंत पन्नास 'अशोक' ओळीने लागले, तर? हिशेब जुळेल. झाड मात्र गेलेलं असेल.

मी सर्व्हे करणाऱ्या मुलाला फोन केला. माझ्याच वयाचा, बॉटनी केलेला, आवाज थकलेला. म्हणाला, "मॅडम, लोकल नावाच्या कॉलममध्ये सगळे अशोकच लिहितात. सीता-अशोक मला ओळखता येतो हो! पण त्या दिवशी चार चाळी होत्या, आणि टाकीमागे कुणी नेलंच नाही. वॉचमनने आकडा सांगितला." मग स्वतःच पुढे म्हणाला, "फुलोऱ्यात आहे का आता?" फेब्रुवारी होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, खोडाचा घेर मोजला, मोबाइलवर वीसेक फोटो काढले आणि जाताना खाली पडलेला एक झुबका शर्टाच्या खिशात घालून गेला.

मीटिंगमध्ये

इथपर्यंत गोष्ट गोड होती. मग सोसायटीची मीटिंग झाली, गणपती बसतो त्याच पॅसेजमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून.

नव्या नकाशात टाकीमागच्या जागेत पार्किंगचा रॅम्प आहे. मी उभी राहून सांगितलं की या यादीतला सातवा अशोक वेगळा आहे, जंगलात तो धोक्यात आहे, पन्नाशी ओलांडलेला आहे, तर रॅम्प थोडा सरकवता येईल का, एवढं आर्किटेक्टला विचारा. क्षणभर शांतता. मग सेक्रेटरी काका चष्मा काढून म्हणाले, "बाळा, मी एकसष्ट वर्षांचा आहे. अजून रोज सकाळी बादली घेऊन कॉमन संडासाच्या लायनीत उभा राहतो. तुझ्या काकूचे गुडघे गेलेत. आता एका झाडासाठी नकाशा परत पाठवायचा? सहा महिने गेले तर?"

खरं सांगू? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. मी त्याच १८० फुटांत वाढले. माझ्या डेडलाइन्स मी माळ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन गाठते. मलाही दार लावता येईल अशी खोली हवी आहे, आतल्या बाथरूमसकट. 'झाडं वाचवा' असं एसी केबिनमध्ये बसून लिहिणं सोपं असतं. लायनीत उभ्या असलेल्या माणसाला ते सांगणं अवघड.

बोलली ती आत्या. ती मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. म्हणाली, "भाऊ, रॅम्पचं तुम्ही आणि आर्किटेक्ट बघा. पण निदान कागदावर त्याचं नाव तरी बरोबर लिहा. उद्या तोडायचंच ठरलं, तर काय तोडलं ते तरी कळू दे."

काकांनी चष्मा पुन्हा लावला. "लिहायला काय, लिहू." आणि ठराव झाला. रॅम्पचा नाही, नावाचा.

सुधारित यादी दोन आठवड्यांनी लागली. मोनून लाँगिफोलियम, सहा. सराका असोका, एक. पुढे शेऱ्याच्या रकान्यात : 'अंदाजे वय ५० वर्षे, रहिवाशांकडे जुना फोटो'. तो फोटो आत्याचाच. फ्रॉकमधली दहा वर्षांची आत्या, मागे टाकी, टाकीशेजारी तिच्याहून हातभर उंच झाड, आणि पाठीमागे आजोबांच्या अक्षरात 'मे १९७९'. फोटोने वय सिद्ध होत नाही, त्याची रीतसर तपासणी वेगळी. पण आर्किटेक्टच्या ऑफिसमधून पहिल्यांदाच फोन आला, "ते टाकीमागचं झाड नक्की कुठे आहे, मोजमाप पाठवा." रॅम्पचं अजून ठरायचंय. ठरेल त्या दिवशी तो निर्णय अमुक एका झाडाबद्दल असेल, 'नग सात' मधल्या एका नगाबद्दल नसेल.

तुमच्यासाठी थोडा होमवर्क

आता नंबर एकला व्हिलन करून आपण घरी जायचं का? अजिबात नाही! तोही इथलाच आहे, परदेशी पाहुणा नाही. टेल्ड जे नावाचं हिरव्या ठिपक्यांचं चपळ फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालतं. ट्रॅफिकची धूळ तो मुकाट अंगावर घेतो. त्याच्याकडून फक्त त्याचं नसलेलं नाव काढून घ्यायचंय. आसोपालव म्हणा. डोलकाठी म्हणा. शोभेल त्याला.

आणि सीता-अशोकासाठी? तीन सोप्या गोष्टी. एक, तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसच्या आवारात लँडस्केपिंगचं कोटेशन आलं आणि त्यात 'अशोका' दिसलं, की विचारा, कोणता? उत्तर मोनून असेल, तर त्यातल्या दोन रोपांच्या जागी सराका मागा. पाणी आणि अर्धी सावली मिळाली की मुंबईची हवा त्याला मानवते. दोन, घरात आयुर्वेदिक बाटली असेल तर लेबल वाचा. शास्त्रीय नाव तिथे बारीक अक्षरात असतं. २००० साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ अशोकाच्या लागवडीला मदत करतं. लागवडीची साल वाढली तर जंगलावरचा भार हलका होईल, आणि ग्राहक विचारायला लागले की कंपन्यांना उत्तरं द्यावी लागतात. तीन, फेब्रुवारी-मार्चमधला एक शनिवार मॉलमधून वाचवा आणि राणीबागेत या. केशरी झुबके दिसले की जवळ जा, पाकळ्या शोधा. सापडणार नाहीत. मग पुढच्या वेळी कुणी भलत्याच झाडाला अशोक म्हटलं की तुम्हीही माझ्या आजीसारखे हातातलं काम थांबवाल.

आमच्याकडची ताजी बातमी अशी. यंदा जूनमध्ये आत्याने टाकीमागे पडलेल्या शेंगा गोळा केल्या आणि त्याच दिवशी बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. अकरा लावल्या, चार उगवल्या. गॅलरीच्या कठड्याला टेकून चार पिशव्या उभ्या आहेत, प्रत्येकीवर आत्याने मार्करने लिहिलंय, 'सीता, राजापूर'. दोन सेक्रेटरी काकांनी मागून ठेवल्यात, नव्या बिल्डिंगच्या गेटसाठी. एक त्या सर्व्हेवाल्या मुलाची. चौथी अजून कुणाची नाही.